पलीकडचा डेटाबेस जोडताना: सर्व्हरची व्याख्या नीट कशी करावी

एका डेटाबेसमध्ये बसून दुसऱ्या डेटाबेसमधली टेबलं आपल्याच घरची असल्यासारखी वाचायची, हा फेडरेटेड डेटाबेसचा सगळा खेळ. त्यासाठी आपल्या डेटाबेसला पलीकडच्याची ओळख करून द्यावी लागते. ही ओळख म्हणजे सर्व्हरची व्याख्या. बहुतेक जण ती पत्ता लिहून ठेवण्यासारखी उरकतात आणि मग क्वेरी रेंगाळली की नेटवर्कला नावं ठेवतात. प्रत्यक्षात क्वेरीचा किती भाग पलीकडे चालेल आणि किती डेटा ओढून इकडे आणावा लागेल, हे बरंचसं या व्याख्येतल्या पर्यायांवर ठरतं.

इथे उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचं घेतलं आहे. आपला डेटाबेस ‘अहवाल’ आणि पलीकडचा ‘विक्री’, दोन्ही पोस्टग्रेसच. आयबीएमची डीबी२ ही प्रणाली वापरणाऱ्यांना रॅपर (पलीकडच्या डेटाबेसशी बोलणारा जोडभाग), सर्व्हर, युजर मॅपिंग (इकडच्या युजरसाठी पलीकडे कोणता युजर वापरायचा ती नोंद) ही उतरंड ओळखीची वाटेल. पलीकडच्या टेबलाची इकडे केलेली नोंद, म्हणजे आपण ज्याला फॉरेन टेबल म्हणतो, त्याला तिकडे निकनेम म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी एसक्यूएल मानकातला बाहेरच्या डेटाबद्दलचा भाग आहे. पोस्टग्रेसमध्ये पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू हा रॅपर २०१३ साली ९.३ आवृत्तीत आला. खालच्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र रोमन लिपीतच करायच्या.

आधी रस्ता मोकळा आहे का ते बघा

जोडणी तुमच्या लॅपटॉपवरून होत नाही, ‘अहवाल’ ज्या मशिनवर चालतो तिथून होते. त्यामुळे त्याच मशिनवर लॉगिन करून पीएसक्यूएल या कमांड लिहायच्या साधनाने ‘विक्री’ला हात लावून बघा. होस्टच्या जागी लोकलहोस्ट लिहिलं तर त्याचा अर्थ ‘अहवाल’चं मशिन असा होतो, हे विसरलं की तासभर डोकं खाजवावं लागतं. जोडणी झाली नाही तर पलीकडे तीन गोष्टी तपासा: लिसन_ॲड्रेसेसमध्ये बाहेरून येणारी जोडणी चालते का, पीजी_एचबीए फाइलमध्ये या मशिनच्या आयपीसाठी ओळ आहे का, आणि मधल्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा आहे का. पोर्ट सहसा ५४३२.

‘विक्री’मध्ये या कामासाठी वेगळा युजर करा आणि त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा, हक्क द्या. तिकडच्या ॲडमिनचा पासवर्ड इकडे आणून ठेवण्याचा मोह टाळा. कारण पुढे येईलच.

व्याख्या करा

‘अहवाल’मध्ये सुपरयुजर म्हणून क्रिएट एक्स्टेन्शन पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू ही कमांड एकदाच चालवा. मग मुख्य काम: क्रिएट सर्व्हर विक्री_सर्व्हर, पुढे फॉरेन डेटा रॅपरचं नाव, आणि ऑप्शन्समध्ये होस्ट, पोर्ट, डीबीनेम. इथेच एसएसएलमोड (जोडणी एन्क्रिप्ट करायची का ते) आणि कनेक्ट_टाइमआउट (जोडणीसाठी किती वेळ थांबायचं ते) हेही देता येतात, आणि द्यावेतच. टाइमआउट नसेल आणि पलीकडचं मशिन बंद पडलेलं असेल, तर इकडची क्वेरी नुसती ताटकळत राहते.

युजर आणि पासवर्ड मात्र इथे लिहायचे नाहीत, रॅपर ते घेतच नाही. त्यांची जागा युजर मॅपिंगमध्ये: क्रिएट युजर मॅपिंग फॉर अमुक युजर, सर्व्हर विक्री_सर्व्हर, आणि ऑप्शन्समध्ये पलीकडचा युजर व पासवर्ड. हा पासवर्ड कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, साध्या अक्षरांत साठवला जातो. ज्याच्यासाठी मॅपिंग केलं आहे आणि ज्याला सर्व्हर वापरायची परवानगी आहे, त्याला तो पीजी_युजर_मॅपिंग्ज या व्ह्यूमध्ये (टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) वाचताही येतो. सुपरयुजरने घेतलेल्या पीजी_डंपच्या, म्हणजे बॅकअपच्या, फाइलमध्येही तो उतरतो. म्हणून पलीकडचा युजर कमीत कमी हक्कांचा हवा.

आता एक गोम. क्रिएट सर्व्हर यशस्वी झालं याचा अर्थ जोडणी जमली असा मुळीच नाही. पोस्टग्रेस त्या क्षणी पलीकडे फिरकतसुद्धा नाही. होस्टचं नाव चुकीचं असलं तरी कमांड बिनबोभाट पार पडते. खरी परीक्षा पहिल्या क्वेरीला होते, म्हणून ती लगेच घ्या: इम्पोर्ट फॉरेन स्किमा वापरून, लिमिट टू देऊन एकच टेबल आणा आणि त्यावर काउंट चालवा. सगळा स्किमा, म्हणजे टेबलांचा अख्खा गट, उचलून आणण्याची घाई नको.

इतरांना हा सर्व्हर वापरून स्वतः फॉरेन टेबलं करायची असतील, तर ग्रँट युसेज ऑन फॉरेन सर्व्हर द्यावं लागतं. नुसतं वाचायचं असेल तर त्या टेबलावर सिलेक्टचा हक्क आणि त्यांच्या नावाचं मॅपिंग एवढं पुरतं.

वेग ठरवणारे पर्याय

फेच_साइझ हा पहिला. एका फेरीत किती ओळी आणायच्या ते यातून ठरतं आणि मुळात तो फक्त १०० असतो. दहा लाख ओळींचा अहवाल काढायचा तर दहा हजार फेऱ्या. तो १०००० केला की फेऱ्या शंभरावर येतात. ओळी लांबलचक असतील तर मेमरीकडे लक्ष ठेवून वाढवा.

दुसरा युज_रिमोट_एस्टिमेट. मुळात तो बंद असतो, म्हणजे पलीकडच्या टेबलाचा अंदाज प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) इकडच्याच आकडेवारीवरून बांधतो. ती आकडेवारी ॲनलाइझ ही कमांड चालवल्याशिवाय येत नाही, आणि एरवी ती आपोआप चालवणारं ऑटोव्हॅक्युम फॉरेन टेबलांवर ॲनलाइझ करत नाही. तेव्हा एकतर हा पर्याय चालू करा, नाहीतर ॲनलाइझ वेळापत्रकात बसवा. चालू केला तर प्लॅन ठरवताना पलीकडे एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते विचारणारी कमांड) पाठवलं जातं, त्यामुळे लहान क्वेरींना थोडा उशीर होतो. मोठ्या जॉइनच्या (टेबलं एकमेकांशी जुळवण्याच्या) अहवालांसाठी मी तो चालूच ठेवतो. सेकंदाला शेकडो बारीक क्वेरी येत असतील तर बंद बरा.

या दोन्ही गोष्टी सर्व्हरवर लावल्या की त्याच्या सगळ्या टेबलांना लागू होतात आणि एखाद्या टेबलापुरत्या बदलताही येतात.

पण पर्याय कितीही नीट लावले तरी अट पलीकडे गेली नाही तर उपयोग शून्य. ते बघायला क्वेरीच्या आधी एक्सप्लेन व्हर्बोस लावा आणि रिमोट एसक्यूएल ही ओळ शोधा. पलीकडे नेमकी काय क्वेरी गेली ते तिथे अक्षरशः दिसतं. समजा तुम्ही ‘गेल्या सात दिवसांची विक्री’ मागताना तारखेच्या अटीत नाऊ हे फंक्शन वापरलंत. रिमोट एसक्यूएलमध्ये व्हेअर, म्हणजे अटीचा भाग, गायब, आणि ती अट वर फिल्टर म्हणून इकडे लागलेली दिसेल. कारण ज्याचं उत्तर दोन्हीकडे हमखास सारखंच येईल असं फंक्शनच रॅपर पलीकडे पाठवतो, आणि नाऊ त्यात बसत नाही. म्हणजे सात दिवसांसाठी सगळं टेबल इकडे आलं. तारीख प्रोग्रॅममध्ये काढून थेट किंमत म्हणून दिली की अट पलीकडे जाते आणि तिकडचा इंडेक्सही कामाला येतो.

अक्षरांच्या क्रमवारीचंही तसंच. दोन डेटाबेसांचं कोलेशन, म्हणजे ही क्रमवारी लावण्याचे नियम, वेगळं असेल तर पलीकडून क्रमाने आलेल्या ओळी इकडच्या हिशेबाने क्रमात नसतात, आणि त्यावर केलेला मर्ज जॉइन (क्रमाने लावलेल्या ओळी शेजारी ठेवून जुळवणं) गुपचूप चुकीचं उत्तर देऊ शकतो. डीबी२मध्ये याच कारणासाठी कोलेटिंग_सिक्वेन्स हा सर्व्हर ऑप्शन आहे; तो मुळात ‘एन’, म्हणजे क्रमवारी सारखी नाही असंच धरून चालतो. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन टेबलाच्या कॉलमचं कोलेशन पलीकडच्याशी जुळवण्याची जबाबदारी तुमची.

नंतरचे बदल

होस्ट बदलला तर व्याख्या पुसायची गरज नाही, ऑल्टर सर्व्हर आहे. फक्त ऑप्शन्समध्ये सेट, ॲड की ड्रॉप ते लिहा. काहीच न लिहिल्यास पोस्टग्रेस ॲड समजतं आणि ‘हा पर्याय आधीच आहे’ म्हणून एरर देतं. आत्ताची स्थिती पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि डीईएस प्लस लिहून दिसते. पासवर्ड बदलायचा तर ऑल्टर युजर मॅपिंग.

जोडण्यांचा हिशेबही ठेवा. एकदा उघडलेली जोडणी रॅपर त्या सेशनच्या शेवटापर्यंत धरून ठेवतो. इकडे दोनशे सेशन पलीकडची टेबलं वाचत असतील तर तिकडेही दोनशे जोडण्या अडकतात, आणि ‘विक्री’चं मॅक्स_कनेक्शन्स, म्हणजे एकावेळच्या जोडण्यांची मर्यादा, भरलं की तिथलं रोजचं कामच थांबतं. १४व्या आवृत्तीपासून कीप_कनेक्शन्स हा सर्व्हर ऑप्शन ऑफ केला की व्यवहार संपताच जोडणी सुटते.

सर्व्हर काढायचा झाला तर ड्रॉप सर्व्हर आधी कॅस्केडशिवाय (हा शब्द दिला की त्यावर टेकलेलं सगळंही पुसलं जातं) चालवा. फॉरेन टेबलं, मॅपिंग वगैरे त्यावर काय काय टेकलं आहे याची यादी देऊन ते थांबतं. त्या टेबलांवर कोणते व्ह्यू उभे आहेत तेही बघा. कॅस्केड दिलंत तर ‘विक्री’मधल्या डेटाला धक्का लागत नाही, पण ‘अहवाल’मधले ते सगळे व्ह्यू एका फटक्यात जातात.