आयर्लंडमधली मीथ काउंटी पाहायला जाताय? या चुका टाळा

न्यूग्रेंज म्हणजे मातीच्या टेकाडाखालचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं. सगळ्यात जास्त फसगत होते ती गाडीच्या नकाशात 'न्यूग्रेंज' टाकून निघाल्यानं. नकाशा थेट न्यूग्रेंजच्या टेकाडापाशी नेऊन सोडतो, पण तिथून आत जाताच येत नाही. प्रवेश फक्त ब्रू ना बोन्या व्हिजिटर सेंटरमधून. ते सेंटर बोइन नदीच्या दक्षिण काठावर, डोनोर गावाजवळ आहे आणि थडगी उत्तर काठावर. सेंटरमध्ये तिकीट दाखवायचं, पादचारी पुलानं नदी ओलांडायची आणि पलीकडच्या बसनं थडग्यांपर्यंत जायचं.

दहाचं तिकीट असलेलं कुटुंब पावणेदहाला चुकीच्या काठावर पोहोचलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुंपणापलीकडं पांढरी भिंत दिसते, पोरं उतरून फोटो काढायला लागतात, आणि मग कुणीतरी फलक वाचतं. पादचारी पूल गाडीच्या कामाचा नाही. परत स्लेनचा पूल गाठायचा, तर तो अरुंद, दोन्हीकडं उतार आणि सिग्नलला रांग. मग डोनोर, पार्किंग, काउंटर. तोवर बस निघून गेलेली असते आणि उन्हाळ्यात पुढच्या फेऱ्या आधीच भरलेल्या असतात. म्हणून नकाशात सेंटरचंच नाव टाका. डब्लिनहून अंतर पन्नासेक किलोमीटर आहे. तासाभराचा प्रवास धरावा आणि वेळेच्या अर्धा तास आधी काउंटरवर असावं. गाडी नसेल तर रेल्वेनं ड्रोहेडा आणि तिथून टॅक्सी.

दुसरी चूक तिकिटाची. 'जाऊन बघू, मिळेल' म्हणणारे बहुतेक वेळा प्रदर्शन पाहून परततात. ऑनलाइन तिकीट साधारण महिनाभर आधी काढा, आणि काढताना त्यात 'न्यूग्रेंज चेंबर', म्हणजे आतला गाभारा, लिहिलंय का ते वाचा. चेंबर नसलेल्या तिकिटावर न्यूग्रेंज फक्त बाहेरून दिसतं. घाईत स्वस्त पर्याय निवडून नंतर हळहळणारे खूप असतात. सरकारी वारसास्थळांचा पास, म्हणजे हेरिटेज कार्ड, असलं तरी जागा राखावीच लागते.

आत जायचा बोळ १९ मीटर लांब आहे. मध्ये दगड इतके जवळ येतात की वाकून, अंग चोरून जावं लागतं. पाठीवरची सॅक बाहेरच ठेवायची. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी गाइडला आधी सांगावं. आत फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा फोन खिशात ठेवा आणि मान वर करा. एकावर एक सरकवत नेलेल्या शिळांचं छत सहा मीटर उंच आहे आणि ते इ.स.पू. ३२०० च्या सुमारास रचलेलं आहे.

आता ज्याचा मनापासून राग येतो ते. दर्शनी भागाची ती लखलखीत पांढरी भिंत पाच हजार वर्षं तशीच उभी आहे, असं समजून लोक घरी जातात. तशी ती नाही. १९६२ ते १९७५ या काळात प्राध्यापक मायकल ओ'केली यांनी उत्खनन केलं, तेव्हा गारगोटीचे दगड टेकाडापुढं जमिनीवर पसरलेले सापडले. ते मुळात भिंतीत असून ढासळले असावेत, असा अंदाज बांधून भिंत पुन्हा रचली गेली. मागं काँक्रीटचा आधार आहे. प्रवेशाच्या दोन्ही बाजूंचं काळ्या दगडाचं बांधकाम तर पर्यटकांना ये-जा करता यावी म्हणून केलेलं. शेजारच्या नाउथच्या थडग्यापाशी तिथले उत्खनक जॉर्ज ओगन यांनी तशीच गारगोटी जमिनीवर फरसबंदीसारखी राहू दिली. एकाच खोऱ्यातल्या एकाच प्रकारच्या पुराव्याचे हे दोन अर्थ! म्हणून न्यूग्रेंज करून नाउथला फाटा देणं ही माझ्या मते मोठी चूक. नाउथच्या बोळात जाता येत नसलं तरी टेकाडावर चढता येतं, आणि पायथ्याच्या कोरीव शिळा तिथं न्यूग्रेंजपेक्षा कितीतरी जास्त आहेत. दोन्हींना मिळून तीन तास द्या.

सूर्यकिरणांबद्दलही गैरसमज फार. ऊन रोज आत येत नाही, आणि दारातून तर ते गाभाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. बोळाची जमीन आत चढत जाते आणि गाभाऱ्यात ती जवळपास दारावरच्या झरोक्याच्या पातळीला येते. डिसेंबरच्या २१ तारखेच्या आसपास सूर्योदयानंतर चारेक मिनिटांनी किरण त्या झरोक्यातून शिरतात आणि सुमारे १७ मिनिटं टिकतात. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्यांना यातली ओढ वेगळी सांगायला नको. तिथं मावळतीचे किरण, इथं उगवतीचे. त्या पहाटे गाभाऱ्यात उभं राहण्यासाठी विनामूल्य सोडत असते. डिसेंबरची विमानं आधी आणि सोडतीचा अर्ज नंतर, असा उलटा क्रम लावू नका. आणि निकाल लागल्यावरही सकाळी ढग असू शकतात हे धरून चला. एरवी गाइड दिवे घालवून विजेच्या झोतानं तोच परिणाम दाखवतात. तोही चुकवू नये.

काही छोट्या चुका. केल्स गावी 'बुक ऑफ केल्स' हा जुना सचित्र हस्तलिखित ग्रंथ पाहायला जाऊ नका, तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. केल्सला जायचं ते उंच दगडी क्रूस आणि गोल मनोरा पाहायला. ट्रिमच्या किल्ल्याचं आवार स्वतः फिरता येतं, पण वीस कोनांच्या मुख्य बुरुजात फक्त गाइडबरोबर सोडतात, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या फेरीची वेळ विचारा. शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये प्रवेश नाही. डब्लिनच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका दिसत नाही, तरी टोल लागतो. तो दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचा असतो.

टाराच्या टेकडीवर लोक दहा मिनिटांत 'इथं तर नुसतं गवत आहे' म्हणून वळतात, कारण आराखडा न बघता आलेले असतात. आयर्लंडच्या प्राचीन राजांची ती जागा म्हणजे मातीचे बांध आणि खंदक. जमिनीवरून ते सपाटच वाटतात. वरून घेतलेला एखादा फोटो फोनमध्ये ठेवा, चिखलाचे बूट घाला आणि भर दुपारी जाऊ नका. ऊन तिरपं असताना बांधांच्या सावल्या पडतात, तेव्हा एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं डोळ्यांना स्पष्ट दिसतात. लिया फाल हा राज्याभिषेकाचा दगड त्यांतल्याच एका वर्तुळात उभा आहे.