ऑफिसातल्या मित्राला सवाईला कसं न्यावं

सवाई म्हणजे पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, शास्त्रीय गाण्या-वाजवण्याचा. तिथे ऑफिसातल्या कोणाला न्यायचं तर पहिली गोष्ट, अख्ख्या टीमला नेऊ नका. ग्रुपवर 'सवाईला कोण कोण येतंय?' असं टाकलंत की धडाधड अंगठे येतात आणि त्या दिवशी दुपारी एकेकाचा कॉल निघतो. जे उरतात त्यांना भूक वेगवेगळ्या वेळी लागते, आणि तुम्ही सहलीला पोरं घेऊन आलेल्या बाईंसारख्या डोकी मोजत बसता. एकच माणूस निवडा. फार तर दोन.

तो गाण्यातला जाणकार असायची गरज नाही. उलट थोडंफार कळणारा जास्त बोलतो. मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते आणि माझी निवडीची पद्धत साधी आहे: चहाच्या टपरीवर ग्लास हातात घेऊन जो दोन मिनिटं काही न बोलता उभा राहू शकतो, तो चालेल. ऑफिसातली मैत्री सगळी बोलण्यावर चालते. मॅनेजर, रिलीज, कोण सोडून चाललं, कोणाला किती हाइक मिळाली. हे सगळं बाजूला ठेवून पाच-सहा तास एकमेकांशेजारी बसता आलं, तर ती मैत्री नोकरी बदलल्यावरही टिकते असं माझं मत आहे. टीम लंचबद्दल मला असं कधीच वाटलेलं नाही.

आता रजा. सवाई डिसेंबरात असतो, म्हणजे नेमका वर्षअखेरीच्या रिलीजच्या तोंडावर. बुधवार ते रविवार असे पाच दिवस. तारखा जाहीर झाल्या की त्याच दिवशी रजा टाका, आणि 'पर्सनल वर्क' न लिहिता सरळ 'सवाई' लिहा. मॅनेजर पुण्याचा असेल तर त्याला नाही म्हणणं जड जातं. बाहेरचा असेल तर सांगा, की १९५२ मध्ये गायक सवाई गंधर्व गेले, त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये हा उत्सव सुरू केला, आणि आजही आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. एवढ्या इतिहासापुढे अर्ध्या दिवसाची रजा काहीच नाही.

अर्धा दिवस म्हणजे दुपारनंतरचाच, हे मात्र नक्की ठरवा. सहाला लॅपटॉप मिटून निघालात तर खराडीहून पोचेपर्यंत अर्धा कार्यक्रम झालेला असतो. आणि प्रश्न फक्त एक-दोन कलाकार हुकण्याचा नाही. राग वेळेप्रमाणे गायले जातात. आठवड्याच्या दिवशी कार्यक्रम दुपारी सुरू होतो आणि ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे रात्री दहाला थांबतो. म्हणजे भीमपलास, मुलतानी, पटदीप हे दुपारचे राग लवकर येणाऱ्यांनाच मिळतात, आणि सूर्यास्ताचे मारवा, पूरिया, श्री तुम्ही येरवड्याच्या सिग्नलला उभे असताना होऊन जातात. मारवा नवख्याला घरी हेडफोनवर अगदी कोरडा वाटतो. मांडवाबाहेर उजेड कमी होत असताना तोच ऐकवून बघा. रात्री उशिराचे दरबारी, मालकंस हवे असतील तर शनिवार गाठा. त्या दिवशी सहसा बारापर्यंतची परवानगी असते.

जायचं मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात. जुने लोक अजून रमणबागेच्या जुन्या जागेचीच आठवण काढतात, त्यांना काढू द्या. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात आख्खा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल जातो. रामवाडीहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून स्वारगेट, तिथून रिक्षा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते जातानाच बघून ठेवा.

तिकीट भारतीय बैठकीचं काढा. खुर्चीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, पाय लांब करता येतात, कंटाळा आला तर उशी घेऊन कलंडताही येतं. कोणी काही म्हणत नाही. सतरंजी किंवा जाडसर चादर, पाण्याची बाटली, आणि स्वेटर प्रत्येकी एक. मित्राला स्वेटरची आठवण दोनदा करा. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना थंडीचं काही वाटत नाही असं त्यांनाच वाटतं. पुण्याचा डिसेंबर आठनंतर मांडवात उतरतो आणि मग तुमची शाल त्याच्या अंगावर जाते.

समजावून सांगायचा मोह आवरा, हे सगळ्यात अवघड. मी मूळची मिरजेची. शाळेच्या वाटेवर तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं होती, त्यामुळे मला वाटत असतं की मला सांगण्यासारखं खूप आहे. आमच्या टीममधल्या नागपूरच्या डेव्हलपरनं पहिल्याच दिवशी, तंबोरे लावणं चालू असताना, हळूच विचारलं, "सुरू झालं का?" त्याला "अजून नाही" इतकंच सांगितलं. घराणं, थाट, वादी-संवादी काहीही सांगू नका. एकच गोष्ट दाखवा: सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची, फेरीची, पहिली मात्रा. विलंबित एकतालात मात्रा बाराच, पण लय इतकी संथ असते की एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं. नवख्याला वाटतं, गायक वाट चुकला. त्याला म्हणा, पुढे बसलेल्या आजोबांच्या मानेकडे बघ. सम आली की ती मान हलते. एकाच वेळी शेकडो माना हलतात. दोन-तीन आवर्तनांनी तो स्वतः अंदाज बांधायला लागतो, आणि तो बरोबर आला की चेहऱ्यावर दिसतं. पुढे द्रुत, म्हणजे जलद लय आली, तराणा आला की तुमची गरजच उरत नाही.

'वाहवा' कुठे द्यायची असं त्यानं विचारलं तर म्हणा, आली तर दे. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू देऊ नका. शेजारच्या काकू त्याला झापतील आणि काकूंचंच बरोबर असेल.

खायला स्टॉल असतात, पण दोन कलाकारांच्या मधल्या वेळात तिथे अख्खं पुणे लोटतं. गाणं रंगत आलं असताना एकानं उठून दोघांचं आणायचं आणि दुसऱ्यानं जागा धरायची. कोणाचं गाणं सोडायचं यावरून खरी भांडणं इथेच होतात, तेव्हा पाळी आधी ठरवा. एखादा कलाकार तुम्हाला अजिबात आवडत नसेल तर ती पाळी उदारपणे स्वतःकडे घ्या.

मधेच त्याला जावंसं वाटलं तर जाऊ द्या, तोंड पाडू नका. फक्त रविवारी नेलंत तर शेवटपर्यंत थांबवा. कलाकारांचं गाणं संपलं की सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, आणि अर्धे लोक तोवर चपला शोधत असतात.

दुसऱ्या दिवशी टीमच्या स्टँडअप मीटिंगला 'कसं वाटलं?' विचारू नका, चारचौघांत तो 'मस्त' म्हणून मोकळा होईल. दोन दिवस थांबा. डब्याच्या वेळी त्यानं आपणहून काही काढलं, अगदी 'तो तबलेवाला भारी होता' एवढंच, तर त्याला पुढचं सांगा. जानेवारीत वसंतराव देशपांड्यांच्या नावानं वसंतोत्सव असतो, तिथे शास्त्रीयबरोबर इतरही गाणं-बजावणं असतं. त्या तिकिटाचे पैसे मात्र त्याला काढू द्या.