शेजारी बार, जिनिंग किंवा पेट्रोल पंप येतोय? हरकत घेताना या चुका टाळा

खान्देशातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या टेबलावर, डोकावा, दोन-तीनशे सह्यांचं एखादं तरी निवेदन सापडेलच. ‘आमच्या कॉलनीत होणाऱ्या बिअर बारला सर्व रहिवाशांचा तीव्र विरोध आहे.’ निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि काही महिन्यांनी बारचं उद्घाटनही होतं. मग ओट्यावर बसून सगळे म्हणतात, ‘आमनं कोन आयकस?’

कोणी ऐकत नाही हे काही वेळा खरंही असतं. पण निम्म्याहून जास्त निवेदनांवर, मनात असलं तरी, अधिकाऱ्याला काही करता येत नाही. ती चुकीच्या टेबलावर आलेली असतात, मुदत उलटून गेल्यावर आलेली असतात, किंवा त्यातलं कारण कायद्यात कुठेच बसत नसतं.

पट्टा आणि परवाना यांची गल्लत

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जमिनीवर कोणता वापर चालेल हे शहराची विकास योजना ठरवते. तिचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. पिवळा पट्टा राहण्याचा, हिरवा शेतीचा, जांभळा उद्योगाचा हे आपल्याकडे प्लॉटचे दलालही तोंडपाठ सांगतात. दारूचा परवाना मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून येतो. जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, किंवा खडी क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आधी उभारणीची आणि मग चालवण्याची. पेट्रोल पंपाला जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला लागतो. मुख्याधिकाऱ्याला दारूचा परवाना रद्द करता येत नाही, आणि उत्पादन शुल्कचा अधीक्षक विकास योजनेतला पट्टा बदलू शकत नाही. सगळ्यांना एकच निवेदन ‘प्रत सादर’ करून पाठवलं की प्रत्येक जण ते दुसऱ्याकडे ढकलतो, आणि ढकलायला त्याच्याकडे कारणही असतं.

म्हणून सह्यांच्या आधी कागद काढा. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागातून झोन दाखला आणि मंजूर विकास योजनेचा भाग नकाशा मिळवा. त्यावर समोरच्या रस्त्याची रुंदी नीट वाचा. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात राहण्याच्या पट्ट्यातही रस्ता जसा रुंद तसे दुकान, हॉटेल, दवाखाना, ऑफिस असे वापर वाढत जातात. ‘हा रहिवासी भाग आहे, इथे धंदा चालणार नाही’ हे वाक्य नकाशा न बघता लिहिलं, तर पहिल्याच सुनावणीत ते गळून पडतं.

हाच घोळ धंदा काढणारेही करतात. गुमास्ता मिळाला म्हणजे परवानगी मिळाली असं समजून लोक गाळ्याचं डिपॉझिट भरून मोकळे होतात. गुमास्ता ही आस्थापनेची नोंद आहे. त्या गाळ्यात तो वापर चालतो की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

मुदत गेल्यावर जागं होणं

आपल्याकडे समज असा की शेजारी काही उभं राहणार असेल तर आपल्याला नोटीस येईल. नाही येत. पट्ट्यात बसणाऱ्या वापराची बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्याला विचारण्याची सर्वसाधारण तरतूदच नाही. पाया खोदला जातो तेव्हा कळतं, आणि तोवर जनतेला विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

ती वेळ येते तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राजपत्रातल्या सूचनेपासून ३० दिवसांत कोणालाही हरकत किंवा सूचना देता येते. नंतर नियोजन समिती सुनावणी घेते. पुढे कधी एखाद्या जमिनीचा पट्टा बदलायचा असेल, हिरव्याचा पिवळा किंवा आरक्षण उठवून वाणिज्य, तर तो फेरबदल कलम ३७ खाली येतो. त्याचीही सूचना निघते, हरकती मागवतात, एक महिन्याच्या आत त्या द्याव्या लागतात आणि शेवटी मंजुरी राज्य शासन देतं. वादग्रस्त धंद्यांची बरीच बीजं या कलम ३७ मध्ये पेरलेली असतात. ज्याची जमीन आहे तो सूचनेवर डोळे लावून बसलेला असतो. बाकीच्यांनी ती आतल्या पानावरच्या निविदा आणि वारसाच्या जाहिरातींच्या गर्दीत पाहिलेली नसते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. राजपत्र आता ऑनलाइन फुकट वाचता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांसाठी नाशिक विभागाची पुरवणी पाहायची. कॉलनीतल्या एखाद्या निवृत्त माणसाने, आणि अशा आबा-नानांची आपल्याकडे वाण नाही, आठवड्याला एकदा ती चाळली तरी पुरे. पालिकेच्या सभेची विषयपत्रिकाही मागून घ्या. कलम ३७ चा प्रस्ताव आधी तिथे ठरावासाठी येतो. मधल्या काही वर्षांत निवडणुका लांबल्या आणि बऱ्याच पालिकांत प्रशासकानेच सभेचे ठराव केले. त्या काळातले ठराव माहितीच्या अधिकारात मागवून बघितलेत तर गावाबाहेरच्या कुठल्या गटाचं काय चाललंय याचा अंदाज येतो.

‘तीव्र विरोध’ हे कारण नव्हे

कायदेशीर धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेतल्या कलम १९(१)(छ) मध्ये आहे. त्यावर बंधन घालता येतं, पण कायद्यात सांगितलेल्या कारणासाठी. लोकांना नको आहे एवढ्यावर परवानगी नाकारली, तर तो आदेश अपिलात टिकत नाही. अधिकाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो सह्या मोजतच नाही.

समजा, तुमच्या कॉलनीच्या टोकाला जिनिंगचा प्रस्ताव आहे. नेहमीचं निवेदन म्हणेल: ‘जिनिंगमुळे प्रदूषण होऊन लहान मुले व वृद्धांच्या आरोग्यास धोका निर्माण होईल.’ यावर सुनावणीत अर्जदाराचा आर्किटेक्ट म्हणतो, धूळरोधक यंत्रणा बसवू. विषय संपला. तीच हरकत अशी लिहून बघा: ‘प्रस्तावित गटाकडे जाणारा रस्ता मंजूर योजनेत ९ मीटर आहे, जागेवर तो ६ मीटरच आहे. रुंदीकरणाची जागा ताब्यात आलेली नाही. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक याच रस्त्याने येणार. आवारात वाहनतळ किती वाहनांचा दाखवला आहे? रुईच्या गंजीला आग लागली तर अग्निशामक बंब कुठून आत जाणार? हा रस्ता शाळेचाही आहे, सोबत मोजमापासह सहा फोटो.’ आता अधिकाऱ्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फाइलवर लिहावं लागतं. मंजुरी मिळालीच तर अटी पडतात, आणि त्या मोडल्या की पुढची तक्रार करायला आधार राहतो.

कॉलनीच्या आधी जिनिंग होती, हे आपल्याकडे नेहमी घडतं. शहर वाढत जिनिंगपर्यंत गेलेलं असतं आणि प्लॉट विकणाऱ्याने ती नकाशात दाखवलेली नसते. तिथे पट्ट्याची हरकत घेऊन उपयोग नाही. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत काढा, त्यातल्या अटी वाचा आणि त्यातली कोणती मोडली जातेय तेवढंच लिहा.

आणखी एक स्पष्ट बोलायला हवं. काही हरकतींत वापराचा प्रश्न नावाला असतो, खरा राग धंदा करणाऱ्यावर असतो. मटणाच्या दुकानाबद्दल ‘संस्कृती’ आणि ‘भावना’ हे शब्द आले की सुनावणीतला प्रत्येक जण ते ओळखतो. मागून गटाराचा, पाण्याचा खरा मुद्दा आला तरी त्याकडे मग कोणी गंभीरपणे बघत नाही.

आडवी बाटली: गणित आधी, मोर्चा नंतर

दारूच्या दुकानाबाबत महाराष्ट्रात लोकांच्या हाती एक खरं हत्यार आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

हार होते ती बहुतेक वेळा गणितात. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. यादीत हजार बाया असतील, सहाशे आल्या आणि त्यातल्या साडेचारशे आडव्या बाटलीला गेल्या, तरी दुकान चालूच राहतं. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते.

त्यामुळे आपल्या भागात तारीख फार महत्त्वाची आहे. नंदुरबार, साक्री, चाळीसगाव भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला माणसं जातात. अर्धं गाव बाहेर असताना मतदान लागलं तर हरणं ठरलेलंच. मागणीचा अर्ज माणसं गावात असतात त्या हिशेबाने द्या. त्याआधी मतदारयादी घेऊन बसा. सासरी गेलेल्या लेकी आणि वारलेल्या आज्या यादीत असतील, तर त्या तुमच्याच विरोधात मोजल्या जातील. नमुना ७ भरून ती नावं वेळेत वगळून घ्या. सह्या घेताना यादीतलंच नाव आणि क्रमांक लिहा. माहेरचं नाव, टोपणनाव, घरच्या कोणीतरी केलेली सही या गोष्टींवर पडताळणीत सह्या गळतात. पडताळणीच्या दिवशी सह्या केलेल्या बायांनी हजर राहणंही तितकंच गरजेचं.

हायवेचा मुद्दा अजूनही लोक काढतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरपर्यंत दारूविक्री बंद केली होती. पुढे वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झालं, आणि जुलै २०१७ मध्ये पालिका हद्दीला ही बंदी लागू नसल्याचं न्यायालयानेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी जळगावात शहरातले काही रस्ते महापालिकेकडे वर्ग करण्यावरून बराच वाद झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. आज शहराच्या हद्दीत हा मुद्दा चालत नाही. दुकानाचा गाळा तुमच्या गृहनिर्माण सोसायटीत असेल तर मात्र मार्च २०२५ मध्ये शासनाने विधानसभेत केलेली घोषणा कामाची आहे: सोसायटीच्या ना हरकतीशिवाय तिथे नवं दारूचं किंवा बिअरचं दुकान नाही.

पंप, टॉवर, लॉन्स

पेट्रोल पंपाबाबत केंद्रीय प्रदूषण मंडळाची जानेवारी २०२० ची मार्गदर्शक सूचना हाताशी ठेवा. शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि रहिवासी भाग यांपासून नव्या पंपाला ५० मीटर अंतर हवं. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून कमी चालतं, पण ३० मीटरच्या आत अजिबात नाही. टेप घेऊन मोजा आणि आकडा लिहा.

मोबाइल टॉवरला ‘कॅन्सर होतो’ म्हणून हरकत घेणं सोडून द्या, ती टिकत नाही. इमारतीची मजबुती, सोसायटीची संमती, जनरेटरचा आवाज हे मुद्दे टिकतात. लग्नाच्या लॉन्सचंही तसंच. रहिवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. बँडवाल्याशी भांडण्यापेक्षा लॉन्सच्या परवानगीत वाहनतळ किती दाखवलाय ते बघा. लग्नसराईत तिथेच त्यांची बोबडी वळते.

गावात: ग्रामसभा खरी झाली होती का?

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हा गावातल्या भांडणांचं मूळ असतो. दाखल्यावर ठराव क्रमांक असतो, पण ग्रामसभा झाली होती का हे कोणी विचारत नाही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या लागते. इतिवृत्त, हजेरीवरच्या सह्या आणि सभेच्या नोटिशीची तारीख माहिती अधिकारात मागा. मुंबईला राहणाऱ्या माणसाची सही हजेरीत सापडली, तर बाकी युक्तिवादाची फारशी गरज उरत नाही.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे पूर्ण तालुके आणि शहादा, साक्री, चोपडा, यावल, रावेर यांतला काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम लागू आहेत. पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि मादक पदार्थ व गौण खनिज या बाबतीत तिचा शब्द साध्या ग्रामसभेपेक्षा वजनदार असतो. खाणीची किंवा दारूची फाइल त्या पाड्यावर गेलीच नसेल, तर हरकतीत हाच मुद्दा पहिला घाला.

मोठ्या प्रकल्पाची पर्यावरणीय जनसुनावणी असेल तर बहिष्कार टाकू नका. २००६ च्या अधिसूचनेनुसार तिला गणपूर्ती लागत नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असंच इतिवृत्तात येतं. आत जा, बोला, लेखी द्या आणि इतिवृत्तात आलंय का ते तपासा.

पोच, आणि त्यानंतर

साहेबांच्या हातात दिलेलं निवेदन कागदोपत्री नसतं. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या. हरकतीत पत्ता आणि फोन स्पष्ट लिहा, नाहीतर सुनावणीची नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत जाते. तीनशे जणांच्या एका निवेदनापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा स्वतंत्र हरकती चांगल्या. प्रत्येकाला सुनावणीत बोलता येतं.

परवानगी मिळून गेली असेल तर नगररचना कायद्यातल्या कलम ४७ च्या अपिलाकडे धावू नका. ते परवानगी मागणाऱ्यासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. मंजूर नकाशाबाहेर बांधकाम किंवा वापर झाला असेल तर कलम ५२ आणि ५३ खाली कारवाई मागा. निर्णयच बेकायदा वाटत असेल तर आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठ आहे, आणि तिथे उशिराचं कारण विचारलं जातंच. पर्यावरणाचा वाद पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात नेता येतो. त्यासाठी कारण घडल्यापासून सहा महिने असतात, आणि मधल्या काळात कितीही निवेदनं देत राहिलात तरी ती मुदत थांबत नाही.