मे महिन्यात कोर्टाचा एकच निकाल वाचा
टी.वाय.ची परीक्षा झाली, आता तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जायचंय? मग सुट्टीत कलमं पाठ करत बसू नका. भाचीकडून मी सर्वोच्च न्यायालयाचा १९८५चा ओल्गा टेलिस निकाल वाचून घेतला. मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा. आधी वहीत नुसती हकीकत उतरवा: कोण, कुठे, कुणाविरुद्ध. मग वादाचा मुद्दा एका ओळीत. मग कारणं, इथे आठवडा गेला तरी जाऊ द्या. उपजीविका हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, असं पाच न्यायमूर्तींनी मानलं. तरी झोपड्या हटवणं कायमचं रोखलं नाही, पावसाळा सरून महिना होईपर्यंत थांबवलं. भाची तिथेच अडली: "मावशी, मग जिंकलं कोण?" असा प्रश्न पडला की तो समासात पेन्सिलीने लिहा. शेवटी अख्खा निकाल आईला साध्या मराठीत सांगून बघा.