आभाळ काळं करू नका: ढगांचे बारकावे काढताना होणाऱ्या चुका

नवतपा संपतो, मृगाचे चार शिंतोडे पडून जातात आणि नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी मोबाइल, कॅमेरे वर व्हायला लागतात. दोन-अडीच महिने पांढुरक्या, तापलेल्या आभाळाखाली काढल्यावर थरावर थर चढलेला पहिला ढग दिसला, की तो टिपावासा वाटणारच. पण घरी येऊन फोटो उघडला तर ढगाच्या जागी कोरा कागद असतो. मग एडिटिंग सुरू होतं आणि तासाभराने तिथे धुराचा लोट दिसायला लागतो. काठावर उभं राहून पाहिलेला ढग दोन्हींत सापडत नाही.

याच्या मुळाशी एक समजूत आहे: आभाळ गडद केलं की ढग उठून दिसतो. ढगातल्या थेंबांवरून सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतो, म्हणून ढग पांढरा. त्याच्या घड्या, कडा, पोट दिसतात ते पांढरं आणि किंचित कमी पांढरं यांतल्या फरकामुळे. हा फरक लहान असतो आणि हिस्टोग्रामच्या, म्हणजे फोटोत अंधारापासून उजेडापर्यंत काय किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखाच्या, उजव्या टोकाला दाटीवाटीने बसलेला असतो. त्याला मोकळी जागा करून द्यायची, एवढंच आपलं काम. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

जे टिपलंच नाही ते शोधत बसणं

एडिटिंगमध्ये हायलाइटचा, म्हणजे उजळ भागांचा, स्लायडर पूर्ण डावीकडे ओढला आणि ढग पांढऱ्याचा फक्त राखाडी झाला, आत एकही रेघ उमटली नाही, तर थांबा. तिथे सेन्सर भरून गेला होता, आता माहितीच शिल्लक नाही. लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा चॅनेल वाचला असेल तर रॉ (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडणारं सॉफ्टवेअर त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतं. तिन्ही भरले असतील तर अंदाजालाही आधार उरत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. ढगासाठी रॉ घ्या असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

उपाय फोटो काढतानाच करावा लागतो. कॅमेऱ्यात हायलाइट लुकलुकण्याची सूचना सुरू ठेवा आणि ढगावरची लुकलुक थांबेपर्यंत एक्स्पोजर कमी करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉ काढत असतानाही आतल्या जेपेगवरूनच बनतो, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा असते. पण तिच्यावर विसंबून राहू नका. मोबाइलवर ढगावर बोट ठेवून उजेड खाली ओढा. खालची झाडं काळी पडली तर सावल्या नंतर उचलता येतात. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येईल, पण जळालेल्या ढगापेक्षा तो परवडतो.

सूर्यास्ताला आणखी एक फसगत होते. फुटाळ्यावर केशरी ढग टिपताना लाल चॅनेल सगळ्यांत आधी भरतो. साधा, एकरंगी हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि फोटोत मात्र ढगाच्या कडेला सपाट पिवळा डाग पडतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल रंगाकडे लक्ष ठेवा.

हायलाइट उणे १०० करून सोडून देणं

सगळ्यांत जास्त फोटो इथे बिघडतात. हायलाइट पूर्ण खाली आणले की ढगातले बारकावे दिसायला लागतात, आपण खूश होतो आणि पुढच्या स्लायडरकडे वळतो. पण आता त्या ढगात पांढरं काही राहिलेलंच नसतं. भर दुपारचा ढग ओल्या सिमेंटसारखा दिसतो.

मी असं करतो. हायलाइट उणे ४० ते ६० च्या आसपास आणतो. मग ऑल्ट दाबून धरून व्हाइट्सचा, म्हणजे सगळ्यांत उजळ टोकाचा, स्लायडर उजवीकडे नेतो. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असं केलं की पडदा काळा होतो आणि जिथे माहिती जायला लागते तिथे ठिपके उगवतात. पहिले ठिपके दिसले की किंचित मागे. म्हणजे ढगाचा सगळ्यांत उजळ भाग पांढराच राहिला आणि त्याच्या खालचे टोन त्याच्यापासून दूर सरकले. त्यानंतर कर्व्ह, म्हणजे कुठला उजेड किती वर-खाली करायचा ते ठरवणारी रेघ: वरचं टोक जागेवर ठेवायचं आणि तीन-चतुर्थांश उंचीवरचा बिंदू थोडा खाली ओढायचा. वरचा भाग जेवढा उभा चढेल, तेवढा ढगातला फरक ठळक होतो. खालच्या अर्ध्यात एक-दोन बिंदू देऊन कर्व्ह मूळ जागी बांधून टाका, नाहीतर सगळा फोटो अंधारेल. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. तिथे स्लायडरांची नावं वेगळी असली तरी कर्व्ह हाच आहे.

हे सगळं फक्त आभाळावर करायचं, आणि इथे दीक्षाभूमीचा फोटो चांगला धडा देतो. जुलैत स्तूपाचा पांढरा घुमट आणि त्याच्या मागे पांढरा ढग. पूर्ण फोटोवर हायलाइट खाली आणले की घुमटही मळकट होतो. वरून सरळ ग्रेडियंट (खाली हळूहळू विरत जाणारा बदल) ओढला तर घुमटाचा माथा अंधारतो आणि खालचा भाग उजळ राहतो. हे बघणाऱ्याला लगेच खटकतं. उजेडावर आधारित मास्कही (बदल ठराविक भागापुरता ठेवणारी निवड) कामाचा नाही, कारण दोन्हींचा उजेड जवळपास सारखा. लाइटरूममध्ये २०२१ पासून आभाळ आपोआप निवडता येतं, तिथून सुरुवात करा. मग मोठं करून घुमटाची कड तपासा आणि मास्क जिथे आत घुसला असेल तिथे ब्रशने वजा करा. पाच मिनिटं लागतात. ती द्या.

क्लॅरिटी आणि डीहेझ ताणणं

क्लॅरिटी आसपासच्या उजेडाशी तुलना करून फरक वाढवते. त्यामुळे गडद वस्तू उजळ आभाळाला जिथे भिडते तिथे पांढरी कड उमटते. झिरो माइल स्मारकावरच्या घोड्यांच्या पुतळ्यांचा, मागे वादळी ढग असलेला माझा एक फोटो मी हौसेने मोठा छापून घेतला होता. पडद्यावर न जाणवलेली ती कड कागदावर चारही घोड्यांच्या मानांभोवती स्पष्ट दिसली. तेव्हापासून क्लॅरिटी मी आभाळाच्या मास्कमध्येच आणि १५-२० च्या आतच वापरतो. कड दिसते का हे १०० टक्क्यांवर बघायचं, मग पुन्हा फोटो लहान करून.

धुरकट फोटो स्वच्छ करणारं डीहेझ २०१५ साली लाइटरूममध्ये आलं आणि तेव्हापासून ढगांवर त्याचा मारा सुरू आहे. ते आभाळ गडद करतं आणि रंगही भडक करतं. म्हणून डीहेझ वाढवलं की सॅच्युरेशन थोडं खाली आणा. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपकेही त्याने वर येतात, विशेषतः एफ १६ सारख्या लहान छिद्राने काढलेल्या फोटोत. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीनंतर पावसाळ्याच्या पहिल्या फोटोंत हे हमखास दिसतं. ते ठिपके आधी पुसा आणि पहिल्या पावसाआधी सेन्सर साफ करून घ्या.

निळा रंग खाली ओढणं

निळ्याचा उजेड कमी केला की पांढरा ढग झटकन पुढे येतो, हे खरं. पण २०-२५ च्या पुढे गेलात की निळ्यात नॉइज आणि पट्टे येतात आणि ढगाच्या कडा फाटतात. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर, जवळ असेल तर तो बरा. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळात तो सगळ्यांत जास्त काम करतो. फार वाइड लेन्सवर मात्र आभाळाचा एकच पट्टा गडद होतो.

झडीच्या आभाळात आकार शोधणं

तीन-तीन दिवस झड लागते तेव्हा वर एकसारखा करडा थर असतो. त्याला आकार नाहीच, मग कुठलाही स्लायडर तो कुठून आणणार? ओढाताण केली की नुसता नॉइज वर येतो. अशा दिवशी आभाळ चौकटीतून कमी करा आणि सेमिनरी हिल्सची ओली झाडं, अंबाझरीचं पाणी टिपा. दुसरं आभाळ आणून चिकटवणं मला पटत नाही. खालच्या झाडांवर झडीचा मऊ उजेड आणि वर ऊन पडलेला ढग, हे डोळ्यांना कळतंच.

शेवटचा घोटाळा पडद्याचा. खोलीत अंधार आणि पडदा पूर्ण उजेडावर असेल तर ढग उगाच जास्त उजळ वाटतो आणि आपण तो दाबत जातो. पडद्याचा उजेड कमी करा, फोटो एक रात्र ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. कुणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका. नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये तो नाजूक फरक पुन्हा सपाट होतो.