वाचलेल्या पुस्तकांची कीर्द-खतावणी

आमच्या गल्लीतली आठ-दहा माणसं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर जमतात आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतात. तीन वर्षांपूर्वी तिथं मी एका कादंबरीला ‘ओघवती भाषा’ म्हणालो. त्याआधी एका प्रवासवर्णनाला आणि एका आत्मचरित्रालाही तेच म्हणालो होतो. कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या काकूंनी विचारलं, “दिवाणजी, ओघवती म्हणजे नक्की काय हो? एखादं पान सांगा.” मला पान सांगता आलं नाही. पुस्तक वाचून पंधरा दिवसही झाले नव्हते.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. पोतं कितीही पिवळंधमक दिसो, हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र मी पोत्यावरूनच भाव सांगत होतो. त्या रात्री एक लांबट हिशोबाची वही काढली. तेव्हापासून जे जमलं ते सांगतो.

वहीचे दोन भाग करा. पुढून कीर्द, म्हणजे रोजची नोंद, आणि मागून खतावणी, म्हणजे खातेवार नोंद. कीर्दीत रोजची एक ओळ लिहायची: तारीख, पुस्तक, कुठून कुठं वाचलं आणि कुठं अडलो. अडलो म्हणजे हसू आलं, राग आला, कंटाळून पान उलटलं, काहीही. पान क्रमांक हवाच, कारण काकू तोच विचारतात. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनंसुद्धा खुणा करू नका. पेढीवर रद्द पावत्यांचा तोटा नसतो, त्यांच्या पट्ट्या कापून मी पानात घालतो.

लिहायला साधं बॉलपेन घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात खालचे दोन फडताळ बुडाले. शाईच्या पेनानं उतरवून घेतलेल्या कवितांच्या वह्या निळ्या पाण्याच्या झाल्या. शेजारचाच बॉलपेननं लिहिलेला किराणा हिशोब मात्र वाळवल्यावर जसाच्या तसा वाचता आला. म्हणून ही वही माळ्यावर असते.

पुस्तक संपलं की लगेच खतावणी उघडू नका. एक रात्र जाऊ द्या. पण दुसऱ्याचं मत वाचायच्या किंवा ऐकायच्या आत स्वतःचं लिहून टाका. ही एक गोष्ट पाळलीत तरी बाकीचं नाही पाळलं तरी चालेल. मलपृष्ठावरचा मजकूरही मी आधी वाचत नाही. एकदा वाचला होता, आणि माझ्या नोंदीत त्यातलीच तीन विशेषणं उतरली. ती माझी आहेत असंच मला दोन महिने वाटत होतं.

खतावणीत प्रत्येक प्रकाराचं खातं वेगळं ठेवा, कारण माप वेगळं असतं. गड्डा आणि हळकुंड एका भावानं जात नाही.

कादंबरीच्या खात्यात मी कथानक लिहीत नाही. एक प्रसंग निवडतो आणि तो मला का सोडत नाही ते लिहितो. गेल्या उन्हाळ्यात ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडीकडचे, त्यामुळं कौतुक आधीच तयार होतं. ते बाजूला ठेवून लिहिलेली नोंद अशी: “मास्तरच्या नादानं सगळं गाव तालीम बांधायला राबतं. पुढं दुष्काळ पडतो आणि तेच गाव पांगतं. हे सगळं मास्तरच सांगतो, पण छाती बडवत नाही. मी असतो तर दोन पानं रडलो असतो. पहिल्या वाचनात मला हे पुस्तक संथ वाटलं होतं. संथ नाही, मोजकं आहे.” एवढंच. ‘मोजकं’ हा शब्द सापडायला तीन दिवस लागले. आधी तिथं ‘ओघवती’च होतं, ते खोडलेलं अजून दिसतं.

आत्मकथनाला कादंबरीचं माप लावू नका. माणसानं सोसलेलं आयुष्य ‘रंजक’ म्हणायला जीभ रेटत नाही. तिथं मी स्वतःला विचारतो, की माझ्या आसपासचं काय मला आजवर दिसलं नव्हतं? लक्ष्मण माने शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, फलटण भागातले. त्यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या कैकाडी घरातलं ते जगणं. मी ते वाचलं फार उशिरा, पन्नाशीत. इतकी वर्षं पेढीवर टोपल्या हाताळल्या, त्या विणल्या कुणी हे एकदाही विचारलं नव्हतं. नोंदीत पुस्तकापेक्षा माझ्यावरच जास्त ओळी आहेत. असू देत.

वैचारिक पुस्तकाला दोन वाक्यं पुरतात: लेखकाचं म्हणणं माझ्या शब्दांत, आणि मला कुठं पटलं नाही ते. पहिलं वाक्य लिहिता येईना तर पुस्तक समजलेलं नाही, पुन्हा वाचा. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा का, असा प्रश्न मांडलाय. मी लिहिलं, “पुरावे नीट रचलेत, तरी मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगता येत नाही.” अशी नोंदही चालते. खोटं कारण जोडण्यापेक्षा बरी.

रहस्यकथा असेल तर निम्म्यावर थांबून संशय कुणावर आहे ते लिहून ठेवा. शेवट कळल्यावर ‘मला आधीच माहीत होतं’ म्हणायची सोय राहत नाही. आणि दुसऱ्याला सांगताना शेवट फोडू नका, आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींना हे अजून जमलेलं नाही. कवितासंग्रहातली एक कविता हातानं उतरवून घ्या. मत नाही लिहिलं तरी चालेल. ऐतिहासिक कादंबरीत जे खरं घडलं असं वाटलं, त्यापुढं प्रश्नचिन्ह घालून ठेवा आणि इतिहासाच्या पुस्तकात ताडून बघा. अनुवादाच्या नोंदीत अनुवादकाचं नाव आधी. यशाचे मंत्र देणाऱ्या पुस्तकांचं खातं मी दोन वर्षांपूर्वी बंद केलं.

न आवडलेल्या पुस्तकाचं काय? अर्ध्यात सोडलंत तर ‘पान इतकं, इथं सोडलं’ असं प्रामाणिकपणे लिहा. न वाचलेल्या निम्म्या भागावर बोलू नका. तारे, गुण वगैरे मी देत नाही. दिवसभर भावच लिहायचे असतात.

प्रत्येक नोंदीखाली चार ओळी मोकळ्या ठेवा, दुसऱ्या वाचनासाठी. आमच्या घरी मात्र त्या जागेत आता सूनबाई लिहायला लागली आहे, हिरव्या पेनानं, न विचारता. ‘युगान्त’च्या नोंदीखाली तिनं लिहिलंय, “अण्णा, विदुरावर एवढं लिहिलंत. गांधारीचं प्रकरण वाचलंत ना?”

वाचलं होतं, पण मार्चअखेरच्या गडबडीत, पानं मोजत. कीर्दीत त्या तारखेला फक्त ‘झोप आली’ एवढंच आहे. काल रात्री पुस्तक पुन्हा काढलं.