आउटबोर्ड इंजिन अडखळत चालते आहे? या चुका टाळा

मासेमारीबंदीचे १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने संपून होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या की कोकणातल्या बंदरांवर पहिल्या आठवड्यात एकच तक्रार ऐकू येते: होडीच्या मागे बाहेरून बसवलेले आउटबोर्ड इंजिन सुरू होते, पण धड चालत नाही. स्लोवर ठेवले की बंद पडते, नाहीतर वेग वाढवताच धाप लागल्यासारखे करते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो आणि पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला सुरुवात होते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मे महिन्यात उत्तम चालणाऱ्या इंजिनाचे स्क्रू झाकणाखाली आपोआप फिरलेले नसतात. या दोन महिन्यांत बदललेले असते ते टाकीतले पेट्रोल.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी पडून राहिली की आतल्या मोकळ्या जागेत ओल धरते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल ते पाणी घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते व तळाशी बसते. इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढत असल्याने इंजिनाला नेमके तेच मिळते. याची खात्री करणे अगदी सोपे आहे. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढावे, बाटली सावलीत दहा-पंधरा मिनिटे न हलवता ठेवावी आणि मग उजेडाकडे धरून पाहावी. खाली वेगळा थर आणि मध्ये सरळ रेष दिसली, तर पुढची तपासणी थांबवून टाकी पूर्ण रिकामी करावी. वर ताजे पेट्रोल ओतून ते ‘सुधारण्याचा’ प्रयत्न करू नये, कारण खालचे पाणी त्याने नाहीसे होत नाही. फिल्टरही त्याच वेळी बदलावा.

पेट्रोल चांगले असूनही इंजिन पाच-दहा मिनिटे नीट चालून मग मरत असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला आहे का, ते पाहावे. तो बंद असला की टाकीत पोकळी निर्माण होते आणि नळीवरचा रबरी फुगा चपटा होऊ लागतो. इंजिन अडखळत असतानाच फुगा दाबून पाहावा; दाबल्याबरोबर इंजिन सावरले, तर दोष इंधन पोहोचण्यात आहे, म्हणजे नळीची चीर, सैल क्लिप किंवा इंजिनावरचा इंधनपंप यांपैकी कुठेतरी. फुग्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा, हेही घाईत विसरले जाते.

स्लोवर बंद पडणारे पण पूर्ण वेगात सुरळीत पळणारे इंजिन बहुधा कार्बोरेटरमधले बारीक जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे पितळी भोक, चोंदल्याचे सांगत असते. जुन्या पेट्रोलचा चिकट थर त्यात साचतो. तो काढायला तार किंवा सुई घालू नये, कारण पितळेचे भोक किंचित जरी रुंदावले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा एवढेच वापरावे.

स्पार्क प्लग काढल्यावर नुसता पुसून परत बसवू नये, तर आधी नीट पाहावा. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक प्लग कोरडा, तपकिरी आणि दुसरा ओला, काळा निघाला, तर तो दुसरा सिलिंडर काम करत नाही, असे समजावे. इंजिन चालू ठेवून प्लगची वायर ओढण्याची सवय मात्र सोडावी. त्यात झटका बसतो आणि इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक भागही जळू शकतो. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल अंदाजाने ओतल्यानेही प्लग काळे पडतात. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल, तर लिटरला २० मिलिलिटर, तेही मापाने आणि आउटबोर्डसाठी असलेले टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे. ऑइल कमी पडले तर पिस्टनच जातो.

किनाऱ्यावर ‘जरा चालवून बघू’ म्हणून पाण्याशिवाय इंजिन सुरू करणे मला पाहवत नाही. थंड पाणी ओढणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की अगदी थोड्या वेळात त्याची पाती जळतात. पाण्याने भरलेल्या पिंपात पंखा (प्रोपेलर) आणि पाणी ओढण्याची जाळी पूर्ण बुडवूनच चाचणी घ्यावी, आणि मागून पाण्याची धार येते आहे याकडे पहिल्या मिनिटापासून लक्ष ठेवावे.

इंजिनाचा आवाज चढतो पण होडी पुढे सरकत नाही, अशा वेळी दोष इंजिनात नसून पंख्याच्या मधल्या रबरी बुशात असू शकतो. पंखा काढलाच आहे तर शाफ्टभोवती जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला नाही ना, तेही पाहावे. तो दोरा गिअरमध्ये पाणी शिरू न देणारे सील कापतो, आणि गिअर ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे.

आणि हे सगळे शक्यतो किनाऱ्यावर. खाडीच्या तोंडाशी इंजिन अडखळू लागले, तर झाकण उघडण्याआधी नांगर टाकावा, कारण तुम्ही प्लगवर वाकलेले असताना भरतीचे पाणी होडीला खडकांकडे नेत असते.